रिव्हेराचा 'सापाता' घरी आला, तर त्याचं मोल कसं ठरवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका ताईंनी एका जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत चौकटीतलं एक काळं-पांढरं चित्र घेतलं. पांढऱ्या घोड्याचा लगाम धरून उभा असलेला शेतकरी पुढारी, पायाशी पडलेला मृत जमीनदार, मागे शेतीची अवजारं घेतलेली माणसं. खाली पेन्सिलीची वाटावी अशी 'दिएगो रिव्हेरा' या मेक्सिकोच्या नामवंत भित्तिचित्रकाराची सही, ३२ हे साल आणि शंभरपैकी एक क्रमांक. ते खरं आहे का, किंमत किती, पुण्याच्या घरी नेलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे. शिवाय मेक्सिको सिटीतला एक विक्रेता त्यांना रिव्हेराचं म्हणून एक जलरंगातलं चित्र देऊ करतोय. ते घेऊन संग्रहाला सुरुवात करावी का, हाही प्रश्न आहे.

ताई, या सगळ्याची उत्तरं एकाच गोष्टीवर टेकलेली आहेत. आधी हातातली वस्तू नेमकी काय आहे ते ठरवा. ती रिव्हेराची आहे का, हा त्यानंतरचा प्रश्न. बहुतेक लोक सहीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. सही सर्वांत सोपी नक्कल आहे. कागद, शाई आणि छपाईची पद्धत यांची नक्कल फार अवघड.

तुमचं चित्र जे असण्याची शक्यता आहे, त्याची हकीकत आधी सांगतो. एमिलियानो सापाता हा मेक्सिकोच्या मोरेलोस प्रांतातला शेतकऱ्यांचा नेता १९१९ साली मारला गेला. त्याच प्रांताची राजधानी क्वेर्नाव्हाका. तिथल्या कोर्तेसच्या राजवाड्यात रिव्हेराने १९२९-३० मध्ये भित्तिचित्रं काढली आणि त्यात पांढऱ्या घोड्यासह सापाता आला. पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने डिसेंबर १९३१ मध्ये रिव्हेराचं मोठं प्रदर्शन भरवलं. भिंती काही न्यूयॉर्कला नेता येत नव्हत्या, म्हणून त्याने तिथे बसून हलवता येतील असे ओल्या गिलाव्यावरचे चौकोन रंगवले. त्यांतला एक म्हणजे हाच सापाता, आणि तो आजही त्या संग्रहालयात आहे. प्रदर्शन गाजलं, आणि १९३२ साली न्यूयॉर्कच्या वेही गॅलरीने रिव्हेराकडून पाच लिथोग्राफ, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापलेली चित्रं, करून घेतले. त्यामागे कार्ल झिग्रॉसर होते. गॅलरीचं काम बघणारा हा माणूस मेक्सिकन छापचित्रांवर मनापासून प्रेम करणारा होता. पुढे ते फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात छापचित्रांचे क्युरेटर झाले. छपाई जॉर्ज मिलर यांच्या कारखान्यात झाली आणि 'सापाता'च्या शंभर प्रती निघाल्या.

बाकीचे चार लिथोग्राफही ओळखून ठेवा: झोपलेल्या गरिबांचं 'एल सुएन्यो', 'श्रमाची फळं', 'उघड्यावरची शाळा' आणि कुत्र्यासह मुलगा. यांपैकी पहिल्या तिघांचं मूळ मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर आहे. रिव्हेराने १९२३ ते १९२८ अशी वर्षं खपून त्या इमारतीची दोन मोठी अंगणं चित्रांनी भरून टाकली. मराठी माणसाने हे वाचताना जरा थांबावं, कारण त्याच इमारतीतल्या 'आमची भाकरी' या चित्रात भाकरी मोडणारा जो माणूस आहे, तो वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक मेक्सिकोत जाऊन शेतीशास्त्रज्ञ झाले आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवू लागले. त्याच विद्यालयाच्या प्रार्थनागृहात रिव्हेरा भिंती रंगवत होता. मका आणि जमीन यांबद्दल दोघांना सारखीच ओढ होती. चित्राच्या किमतीशी याचा संबंध नाही, पण संग्रह करणाऱ्याला हे धागे ठाऊक असले की तो नुसता भाव बघत नाही.

आता वस्तूकडे. चौकट स्वतः उचकटू नका. चित्र काचेला चिकटलेलं असेल तर ओढताना शाई काचेवर राहते आणि मग सगळंच संपतं. कागदाच्या जतनाचं काम करणाऱ्या माणसाकडून ती उघडून घ्या. चौकटीच्या पाठीवर जुनी चिठ्ठी, दुकानाचं लेबल, हाताने लिहिलेला आकडा असेल, तर त्याचे फोटो काढा आणि ती पाठ फेकू देऊ नका. लोक नवी चौकट करताना नेमका हाच पुरावा कचऱ्यात घालतात.

मग दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि घोड्याच्या मानेजवळची करडी छटा पाहा. लिथोग्राफमध्ये चित्रकार मेणचट खडूने दगडावर चित्र काढतो. दगडाचा पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यामुळे खडू उंचवट्यांवर बसतो आणि खळगे पांढरे राहतात. म्हणून भिंगाखाली वेडेवाकडे, लहानमोठे, कुठलाही क्रम नसलेले काळे कण दिसले पाहिजेत. त्याऐवजी ओळीत मांडलेले सारख्या अंतराचे ठिपके दिसले, तर ती मूळ चित्राचा फोटो घेऊन केलेली छपाई आहे. काळ्या भागात निळे-गुलाबी सूक्ष्म शिंतोडे दिसले, तर ते अलीकडच्या इंकजेट यंत्राचं काम. एक तिसरी पद्धत जास्त फसवी आहे: कोलोटाइप. तिच्यात ठिपके नसतात, पण बारीक सुरकुत्यांसारखी जाळी असते. एकदा खरा लिथोग्राफ आणि कोलोटाइप शेजारी ठेवून पाहिले की फरक कायमचा लक्षात राहतो. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांच्या छापचित्र विभागात वेळ ठरवून अशी चित्रं हाताशी बसून पाहता येतात. ही सोय जरूर वापरा, ती बहुधा फुकट असते.

प्रतिमेभोवती कागदात दबलेली चौकोनी कड दिसली तर सावध व्हा. ती कड तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राला असते. दगडावरून छापलेल्याला नसते.

माप घ्या. 'सापाता'ची प्रतिमा सुमारे ४१ सेंटिमीटर उंच आणि ३३ सेंटिमीटर रुंद असते. पोस्टर बऱ्याचदा याहून मोठं किंवा लहान असतं, पण मापाबरहुकूम नकलाही असू शकतात. त्यामुळे माप जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. माप जुळलं नाही, तर मात्र प्रकरण तिथेच मिटतं.

अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा कागदावर धरा. १९५० च्या सुमारापासून कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात रसायनं मिसळली जाऊ लागली. ती या दिव्याखाली निळसर चमकतात. १९३२ चा कागद असा चमकता कामा नये. ही चाचणी स्वस्त आहे, दोन मिनिटांची आहे, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त भ्रम हिनेच दूर केले आहेत.

सही शेवटी. पेन्सिलीची सही दिवा तिरका धरला की चकाकते आणि कागदात किंचित रुतलेली दिसते. छापलेली सही सपाट आणि मंद असते. पण खरी पेन्सिल म्हणजे खरी सही नव्हे, कारण पुस्तकातून फाडलेल्या पानावर कोणीही पेन्सिल चालवू शकतो. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३३ साली रिव्हेराच्या भित्तिचित्रांच्या छापील प्रतिकृतींचा संच काढला होता. पुढे त्याच्या जलरंगांच्या प्रतिकृतीही निघाल्या. ते सुटे कागद आज जुने, पिवळट आणि रुबाबदार दिसतात. त्यांवर सही घातली की अजाण माणसाला ते मूळ चित्र वाटतं. आणि क्रमांकाबद्दल एक गैरसमज काढून टाका. शंभरातला तिसरा नंबर सत्त्याऐंशीव्यापेक्षा मौल्यवान नसतो. आकडे ज्या क्रमाने घातले, त्याच क्रमाने कागद छापले गेले असं नसतं, आणि चांगल्या दगडावरून शंभर प्रती निघेपर्यंत छपाईत फरकही पडत नाही.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. मराठी घरांतल्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी-सरस्वती असायची. त्याही दगडावरूनच छापलेल्या. पण रविवर्मांनी तैलचित्र काढलं आणि छापखान्यातल्या कारागिरांनी ते रंगारंगाने दगडांवर उतरवलं. रिव्हेराने मात्र आपलंच भित्तिचित्र लिथोग्राफसाठी स्वतः नव्याने रेखाटलं. मागची गर्दी कमी केली, अंधार गडद केला, घोडा आणि माणूस पुढे आणले. म्हणून हे छापचित्र भित्तिचित्राची नक्कल ठरत नाही, ते स्वतंत्र काम ठरतं. बाजार याचेच पैसे देतो, आणि मला ते योग्य वाटतं.

आता किंमत. तुमचं चित्र पोस्टर निघालं तर ते चौकटीच्या भावाचं. खरा 'सापाता' निघाला, तर चांगल्या स्थितीतल्या प्रती लिलावात पाच आकडी डॉलरला जातात. बाकी चौघांचे भाव सहसा त्याखाली राहतात. रिव्हेराने १९३० सालीही काही लिथोग्राफ केले होते. त्यात त्याचं आत्मचित्र आहे आणि त्याची चित्रकार पत्नी फ्रिडा कालो हिचं नग्न चित्रही आहे. फ्रिडाच्या नावाची ओढ गेल्या काही दशकांत इतकी वाढली आहे की त्याला मागणी असते.

पण 'चांगल्या स्थितीतली' या दोन शब्दांत सगळं आलं. चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा आम्लयुक्त असेल तर पुठ्ठ्यात कापलेल्या खिडकीच्या कडेने तपकिरी चौकट उमटते. कडा कापून कागद लहान केला असेल, पाठीला पुठ्ठा चिकटवला असेल, चिकटपट्टीचे डाग असतील, तर भाव कोसळतो, कधी कधी निम्म्याच्याही खाली. उलट कागद नको इतका पांढराशुभ्र दिसत असेल, तर कोणीतरी तो रसायनात बुडवून धुतला असण्याची शक्यता असते. तेही नुकसानच. मला थोडा पिवळा पण पूर्ण कडांचा, हात न लावलेला कागद केव्हाही जास्त आवडतो. डाग जाणकार माणूस हलके करू शकतो. कापलेली कड परत येत नाही.

लिलावाचे जुने आकडे बघताना विक्रेत्याला मिळालेली बोली आणि खरेदीदाराने भरलेली एकूण रक्कम यांतला फरक ध्यानात घ्या. लिलावगृह खरेदीदाराकडून वर पाव हिश्शाच्या आसपास शुल्क घेतं. संकेतस्थळावर बहुधा तो जोडलेला आकडा दिसतो. तुम्ही विकायला गेलात तर तेवढे हाती येणार नाहीत, उलट तुमच्याकडूनही दलाली कापली जाईल.

वस्तू कुठून कुठे गेली याची कागदपत्रं भाव कुठवर नेतात, याचं उत्तम उदाहरण रिव्हेराचंच आहे. 'लोस रिव्हालेस' हे तैलचित्र त्याने १९३१ मध्ये अ‍ॅबी रॉकफेलर यांच्यासाठी काढलं, न्यूयॉर्कला जाताना बोटीवर. ते त्याच कुटुंबात राहिलं आणि २०१८ साली क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ९७ लाख ६० हजार डॉलरला गेलं. लॅटिन अमेरिकन चित्राला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी रक्कम होती. चित्र सुंदर आहेच. पण कुंचल्यापासून लिलावापर्यंतच्या प्रवासात एकही दिवस अंधारात नव्हता, हे खरेदीदाराला दिसत होतं. याच रॉकफेलरांनी १९३४ साली न्यूयॉर्कमधलं रिव्हेराचं भित्तिचित्र, त्यात लेनिनचा चेहरा होता म्हणून, फोडून टाकलं होतं, हेही विसरता येत नाही. तुमच्या बाबतीत ते जुनं घर कोणाचं होतं, त्या कुटुंबाचं न्यूयॉर्कशी किंवा मेक्सिकोशी काही नातं होतं का, जुनी पावती किंवा विम्याची यादी सापडते का, हे आत्ताच विचारा. विक्रीला वर्ष उलटलं की सांगणारं कोणी उरत नाही.

मेक्सिको सिटीतल्या जलरंगाबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे: घेऊ नका. कारणं दोन.

पहिलं कायद्याचं. मेक्सिकोने १९५९ साली रिव्हेरा आणि त्याच्याच काळातला भित्तिचित्रकार ओरोस्को यांचं काम राष्ट्राचा कलाठेवा म्हणून जाहीर केलं. पुढे १९८० मध्ये तिसरा भित्तिचित्रकार सिकेरोस आणि १९८४ मध्ये फ्रिडा कालो यांचंही. १९७२ च्या कायद्यानुसार अशी चित्रं खासगी मालकीची असू शकतात, देशात विकता येतात, पण कायमची बाहेर नेता येत नाहीत. प्रदर्शनासाठी ठरावीक मुदतीची परवानगी तिथली ललित कला संस्था, म्हणजे इन्बाल, देते. 'पिशवीत घालून आणून देतो' असं विक्रेता म्हणाला, तर तो तुम्हाला तस्करीत भागीदार करतोय. असं चित्र पुढे कुठलंही बरं लिलावगृह घेणार नाही, कारण ते मेक्सिकोबाहेर कधी आलं हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. रिव्हेराच्या कामाला त्यामुळेच दोन बाजार आहेत. पूर्वीपासून देशाबाहेर असलेलं काम जगभर फिरू शकतं आणि म्हणून महाग असतं. आत अडकलेलं तुलनेने स्वस्त असतं. तुम्हाला सांगितलेला भाव स्वस्त वाटला असेल, तर कारण हेही असू शकतं. छापील प्रतीही तिथून आणायच्या झाल्या तर इन्बालकडून आधी लेखी उत्तर घ्या.

दुसरं कारण नकलांचं. तीस-चाळीसच्या दशकांत रिव्हेराने पातळ तांदळी कागदावर शाई आणि जलरंगात असंख्य चित्रं काढली: पाठीवर ओझं वाहणारे हमाल, फुलं विकणाऱ्या बाया, पाट्यावर मका वाटणाऱ्या, मुलं. परदेशी पाहुणे ती हौसेने घेत, आणि त्याच्या भित्तिचित्रांचा व मूर्तिसंग्रहाचा खर्च काही अंशी त्यातून निघे. संख्या मोठी, विषय ठरलेले, रेषा वरवर सोपी. नकला करणाऱ्यांना याहून काय हवं? खऱ्या चित्रात हमालाची पाठ शाईने भरलेल्या कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात येते, जाड सुरू होऊन बारीक संपते. आत हाडं आहेत असं जाणवतं, कारण हा माणूस तरुणपणी माद्रिद-पॅरिसला शिकला होता आणि वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणाऱ्या क्युबिझम या शैलीतूनही गेला होता. नकलेत रेषा मध्येच अडखळते, खाली पेन्सिलीची आखणी दिसते आणि चेहरे गोड होतात. चहाच्या पाण्याने जुना केलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी असतो. खरा कागद उजेडाच्या बाजूने, कडांनी, असमान म्हातारा होतो.

'तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आहे' यावर जाऊ नका. प्रमाणपत्र देणारा कोण, त्याने रिव्हेरावर काय काम केलं आहे, मोठी लिलावगृहं त्याचं मत मानतात का, हे विचारा. इन्बालने १९८९ साली रिव्हेराच्या भित्तिचित्रांव्यतिरिक्तच्या कामाची मोठी सूची प्रसिद्ध केली. चित्र त्यात असेल तर फार बरं. नसेल तर लगेच खोटं ठरत नाही, कागदावरची सगळी कामं तिच्यात येणं शक्यही नव्हतं. पण मग इनेस आमोर यांची गालेरिया दे आर्ते मेक्सिकानो किंवा मिस्राची यांच्यासारख्या त्या काळच्या विक्रेत्यांपर्यंत माग पोचला पाहिजे. नुसतं लेबल पुरत नाही, लेबलंही खोटी छापतात.

संग्रहच करायचा तर मी वेगळी वाट सुचवीन. संशयास्पद रिव्हेराच्या पैशात त्याच्या पिढीची आणि पुढच्या पिढीची निःसंशय छापचित्रं मिळतात. लेओपोल्दो मेंदेस, पाब्लो ओहिगिन्स आणि लुइस आरेनाल यांनी १९३७ साली तायेर दे ग्राफिका पोपुलार ही लोकांसाठी छापचित्रं काढणारी कार्यशाळा काढली. लिनोलियम, म्हणजे फरशीवर घालायचं मऊ आच्छादन, कोरून, साध्या कागदावर, रस्त्यावरच्या माणसाला परवडेल अशी चित्रं छापायची हा तिचा बाणा. १९४७ चा मेक्सिकन क्रांतीवरचा ८५ चित्रांचा संच तिचाच. अमेरिकेतल्या एलिझाबेथ कॅटलेट १९४६ मध्ये तिथे गेल्या आणि मेक्सिकोच्याच झाल्या. यांतल्या कित्येक कलाकारांनी भिंतीही रंगवल्या. सही नसलेली लिनोची प्रत काहीशे डॉलरलाही मिळते. मेंदेसची कोरीव रेषा मला रिव्हेराच्या छापील रेषेपेक्षा अधिक धारदार वाटते, हे माझं ठाम मत आहे. झाँ शार्लो हाही शोधण्यासारखा. फ्रान्सहून आलेल्या या चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर रिव्हेराबरोबर काम केलं आणि १९३३ साली लॉस एंजेलिसच्या लिंटन किस्लरकडून रंगीत लिथोग्राफचा संच छापून घेतला. तो ऑफसेट यंत्रावर, म्हणजे पत्र्यावरून आधी रबरी रुळावर आणि मग कागदावर, छापलेला असूनही मूळ काम मानला जातो, कारण पत्रे त्याने स्वतः हाताने रेखाटले होते. ऑफसेट म्हटलं की खोटं, असा सरसकट नियम करू नका.

पुण्याला न्यायचं असेल तर कस्टम्सचा प्रश्न चित्र पाठवण्याआधीच कस्टम्सच्या दलालाकडून सोडवून घ्या. वयाचा आणि किमतीचा लेखी पुरावा हाताशी ठेवा. घरी बाहेरच्या भिंतीवर, जिथे पावसाळ्यात ओल येते, तिथे चित्र लावू नका. चौकटीची पाठ भिंतीपासून बोटभर सुटी राहू द्या. चित्राभोवती सुती लगद्याचा आम्लरहित पुठ्ठा, अतिनील किरण अडवणारी काच, काच आणि कागद यांत अंतर, आणि कागद अडकवायला जपानी कागदाच्या पट्ट्या व गव्हाच्या खळीचा लेप. चिकटपट्टी कदापि नको. हवेतला दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला तर बुरशीचे तपकिरी ठिपके धरत नाहीत.

मूल्यमापन करून घेताना कशासाठी हवं ते आधी सांगा. विम्यासाठीचा आकडा दुकानातून तशीच प्रत पुन्हा घ्यायला काय पडेल यावर ठरतो, म्हणून मोठा असतो. वारसा किंवा दानासाठीचा आकडा बाजारात प्रत्यक्ष काय मिळेल यावर ठरतो. अमेरिकेत संग्रहालयाला दान देऊन पाच हजार डॉलरहून अधिक करसवलत मागायची तर पात्र मूल्यमापकाचा अहवाल लागतो. त्याची फी तासावर किंवा कामावर असावी, किमतीच्या टक्क्यांवर नाही. आणि किंमत सांगणारा माणूसच 'मी घेतो' म्हणाला, तर चित्र गुंडाळून परत या.

तूर्त मला चार फोटो पाठवा: पूर्ण कागद कडांसकट, पाठ, तिरक्या उजेडातली सही, आणि घोड्याच्या मानेवरचा एक इंच भाग भिंगातून. शेवटचा फोटो स्वच्छ आला तर पोस्टर की लिथोग्राफ एवढं मी त्यावरूनच सांगेन. लिथोग्राफ असेल तर पुढचं काम कागद प्रत्यक्ष हातात घेऊन करावं लागेल.